महाविद्यालय-पूर्वतयारीचा खर्च कोण सोसतो? : शिकागोच्या क्रिस्तो रेय जेझुइट विद्यालयाचा एक अभ्यास

प्रस्तावना

‘कॉलेज प्रिपरेटरी स्कूल’ ही अमेरिकन संज्ञा महाराष्ट्रातील वाचकास ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या संज्ञेच्या जवळची वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात दोहोंत मूलभूत भेद आहे. कनिष्ठ महाविद्यालय हा अकरावी-बारावीचा, सर्वांसाठी असलेला शैक्षणिक टप्पा होय. ‘प्रेप’ हा मात्र टप्पा नसून शाळेने स्वीकारलेला हेतू आहे. नववी ते बारावी या चार इयत्तांची ही शाळा, आपला प्रत्येक विद्यार्थी पदवी अभ्यासक्रमास जाणार हे गृहीत धरून वेळापत्रक, विषयांची निवड, मार्गदर्शन व मूल्यमापन आखते. विद्यार्थ्यास मध्येच व्यवसाय शिक्षणाकडे वळविणारी वाट तेथे मुळातच ठेवलेली नसते.

असा हेतू बाळगणे स्वस्त नाही. लहान तुकड्या, उच्च अर्हतेचे शिक्षक, प्रयोगशाळा आणि प्रवेशप्रक्रियेत प्रत्येकाचा हात धरून चालणारे समुपदेशक यांवर मोठा खर्च होतो. महाराष्ट्रातील अनेक खाजगी शाळांना, त्यांत अल्पसंख्याक संस्थांच्या शाळाही आल्या, शासनाकडून वेतन अनुदान मिळते. अमेरिकेतील कॅथलिक शाळांना तसे अनुदान नाही. तेव्हा ज्या कुटुंबाची ऐपत नाही त्याच्या मुलाच्या पूर्वतयारीचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न या शाळांपुढे सतत उभा राहिला आहे. शिकागो शहरात १९९६ साली सुरू झालेल्या क्रिस्तो रेय जेझुइट विद्यालयाने त्यास दिलेले उत्तर असाधारण आहे : तो भार विद्यार्थ्यानेच नोकरी करून उचलावा. या उत्तराची पार्श्वभूमी, त्याची प्रत्यक्ष कार्यपद्धती आणि त्यातून उद्भवणारे प्रश्न यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

‘प्रेप’ या नावाचा उगम

जेझुइट म्हणजे येशूसंघाच्या शिक्षणाचा साचा १५९९ सालच्या ‘रेशियो स्टुडिओरम’ या नियमसंहितेने घालून दिला. लॅटिन-ग्रीक भाषा, वक्तृत्व व तत्त्वज्ञान यांच्या क्रमबद्ध अध्ययनात शाळा आणि महाविद्यालय अशी विभागणी नव्हती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थापन झालेली बहुतेक जेझुइट ‘कॉलेजे’ याच पद्धतीची होती. बारा-तेरा वर्षांचा मुलगा दाखल होई व सहा-सात वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडे.

याच काळात अमेरिकन शिक्षणाची मापे बदलत होती. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांच्या अध्यक्षतेखालील ‘दहांच्या समिती’ने १८९३ साली चार वर्षांच्या माध्यमिक शाळेचा आराखडा मांडला. १९०० साली महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा मंडळ स्थापन झाले. पुढे ‘कार्नेगी युनिट’ आले आणि वर्षभरात एका विषयाच्या सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक, असा हिशेब रूढ झाला. इलियट यांनी १८९९ साली जेझुइट अभ्यासक्रमावर, तो शतकानुशतके फारसा बदलला नसल्याची जाहीर टीका केली. बॉस्टन कॉलेजचे माजी अध्यक्ष टिमोथी ब्रोस्नाहन यांनी तिला सविस्तर प्रत्युत्तर दिले. वादात कोण सरस ठरले हे सांगणे कठीण; व्यवहारात मात्र इलियट यांचीच मोजपट्टी चालली. जेझुइटांना आपला सलग अभ्यासक्रम मधोमध कापावा लागला. वरचा भाग महाविद्यालय झाला, खालचा भाग ‘प्रेप’ म्हणून उरला.

शिकागोत या विभाजनाचा नमुना आजही पाहावयास मिळतो. १८७० साली सुरू झालेल्या सेंट इग्नेशियस कॉलेजमधून पुढे लोयोला विद्यापीठ निर्माण झाले. १९०९ साली त्यास हे नाव मिळाले व कालांतराने ते शहराच्या उत्तर भागात गेले. जुन्या इमारतीत शाळा राहिली. ‘सेंट इग्नेशियस कॉलेज प्रेप’ या तिच्या नावात आता तेथे नसलेल्या महाविद्यालयाची खूण शिल्लक आहे.

धर्मभगिनींचे श्रम

कॅथलिक शाळा आरंभापासून महाग होत्या असे नाही. १८८४ सालच्या बाल्टिमोर येथील धर्मसभेने प्रत्येक धर्मग्रामाने आपली शाळा उभारावी असा आदेश दिला. आयरिश, पोलिश, जर्मन, इटालियन अशा निर्धन स्थलांतरितांच्या वर्गणीवर हजारो शाळा चालल्या. हे शक्य झाले ते धर्मभगिनींमुळे. वर्गात उभी राहणारी ही शिक्षिका दारिद्र्याचे व्रत घेतलेली असे. तिचा निर्वाहखर्च नाममात्र, वेतनाची अपेक्षा नाही, निवृत्तिवेतनाची तरतूद नाही. शुल्क कमी होते ते शिक्षण स्वस्त होते म्हणून नव्हे, तर त्याची किंमत कोणीतरी न बोलता चुकती करीत होते म्हणून. अमेरिकन कॅथलिक शिक्षणाच्या गौरवपर इतिहासात या बाबीस मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही.

१९६५च्या सुमारास देशात सुमारे १,८०,००० धर्मभगिनी होत्या आणि कॅथलिक शाळांत ५२ लाखांहून अधिक मुले शिकत होती. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतरच्या दशकांत हे चित्र पालटले. आज धर्मभगिनींची संख्या ४०,०००च्या खाली आहे व विद्यार्थी सुमारे १७ लाख आहेत. शिक्षकवर्ग जवळजवळ पूर्णतः संसारी स्त्री-पुरुषांचा आहे, आणि त्यांना वेतन द्यावे लागते हे ओघानेच आले.

शासनाने हे वेतन अंशतः द्यावे असा प्रयत्न पेन्सिल्व्हेनिया व ऱ्होड आयलंड या राज्यांनी करून पाहिला. १९७१ साली ‘लेमन विरुद्ध कर्ट्झमन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. २००२ साली न्यायालयाने पालकांच्या हाती शिक्षण-पत्रिका देण्यास मान्यता दिली आणि त्यानंतरच्या निर्णयांनी धार्मिक शाळांपुरती वाट आणखी रुंद केली. परंतु असे साहाय्य राज्या-राज्याच्या इच्छेवर अवलंबून राहिले. इलिनॉय राज्याने २०१७ साली करसवलतीवर आधारित शिष्यवृत्ती योजना आणली व २०२३ अखेर ती संपुष्टात येऊ दिली.

परिणामी जुन्या प्रतिष्ठित शाळा शुल्कावर चालतात. सेंट इग्नेशियसचे वार्षिक शुल्क आज २०,००० डॉलरांच्या वर आहे. गरजूंना तेथे सवलत मिळते, तथापि शाळेचा आर्थिक पाया शुल्क भरू शकणाऱ्या कुटुंबांचाच असतो. दुसरे टोक न्यूयॉर्कच्या रीजिस हायस्कूलचे. १९१४ साली उघडलेल्या या मुलांच्या शाळेत शुल्कच नाही. माजी महापौर ह्यू ग्रँट यांच्या विधवा पत्नी जूलिया ग्रँट यांनी दिलेल्या देणगीवर तिची उभारणी झाली व त्यांचे नाव दीर्घकाळ गुप्त ठेवण्यात आले. तेथे प्रवेश कठोर चाचणीने मिळतो. अशी देणगीदार प्रत्येक शहराच्या वाट्यास येत नाही, आणि चाचणीत न टिकणाऱ्या सामान्य बुद्धीच्या निर्धन मुलाचा प्रश्न रीजिसने सोडविलेला नाही.

पिल्सनमधील योजना

शिकागोच्या पिल्सन वस्तीचे नाव बोहेमियातील प्लझेन नगरावरून पडले. चेक स्थलांतरितांनी वसविलेली ही वस्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन कुटुंबांची झाली. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी जेझुइटांनी तेथील रहिवाशांची गरज जाणून घेण्यासाठी घरोघर व धर्मग्रामांतून चौकशी केली, तेव्हा चांगल्या माध्यमिक शाळेची मागणी पुढे आली. कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांचा या कार्यास पाठिंबा होता. पेरू देशात तीन दशकांहून अधिक काळ शैक्षणिक कार्य केलेले जॉन फोली हे जेझुइट धर्मगुरू शाळेचे पहिले अध्यक्ष झाले. ‘क्रिस्तो रेय’ म्हणजे ‘ख्रिस्त राजा’. शाळेचे नावही स्पॅनिश आणि अध्यापनही आरंभी इंग्रजी-स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतून, असा विचार होता.

अडचण पैशाची होती. पालकांच्या मिळकतीतून पूर्ण शुल्क निघणे अशक्य होते. यावर एका व्यवस्थापन सल्लागाराने सुचविलेली युक्ती वरकरणी साध्या अंकगणिताची आहे. कार्यालयातील प्राथमिक स्वरूपाची एक पूर्णवेळ जागा चार विद्यार्थ्यांच्या गटास द्यावी. चार आठवड्यांत कामाचे वीस दिवस असतात. प्रत्येकाने त्यांतील पाच दिवस काम करावे. मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एक वार प्रत्येकाचा ठरलेला, आणि सोमवार आळीपाळीने. कंपनीच्या दृष्टीने खुर्ची एकही दिवस रिकामी राहत नाही. शाळेच्या दृष्टीने तीन-चतुर्थांश विद्यार्थी वर्गात असतात. त्या जागेपोटी कंपनी जी रक्कम मोजते ती विद्यार्थ्यांच्या संमतीने त्यांच्या शिक्षणखर्चात जमा होते. उरलेला भाग कुटुंबाचे माफक शुल्क व देणग्या यांतून भरून काढावयाचा.

ही कामे वकिलांच्या पेढ्या, बँका, विमा कंपन्या व रुग्णालये यांत मिळतात. कागदपत्रे लावणे, त्यांच्या प्रतिमा संगणकात साठविणे, टपाल वाटणे, नोंदी भरणे, स्वागतकक्षात बसणे असे त्यांचे स्वरूप असते. विद्यार्थी कंपनीचा थेट नोकर नसतो. शाळेशी संलग्न असा कार्य-अध्ययन कार्यक्रम स्वतंत्रपणे चालतो, तो कंपनीशी करार करतो आणि विद्यार्थ्यास कामावर पाठवितो. शाळेच्या वाहनांतून मुले सकाळी कार्यालयी पोहोचविली जातात व सायंकाळी परत आणली जातात. नववीत पाऊल ठेवण्यापूर्वी उन्हाळ्यात काही आठवड्यांचे प्रशिक्षण असते. दूरध्वनी कसा घ्यावा, अनोळखी माणसाशी नजर भिडवून हस्तांदोलन कसे करावे, कार्यालयास शोभेल असा वेश कोणता, कोणते काम समजले नाही हे वरिष्ठास कसे सांगावे, या गोष्टी शिकविल्या जातात. शेवटची गोष्ट चौदा वर्षांच्या मुलास सर्वांत अवघड जात असावी. मोठ्यांनाही ती सहजसाध्य नसते.

या योजनेस कायद्याचा एक गंभीर अडसर होता. १९३८ सालच्या न्याय्य श्रममान कायद्याखालील नियमांनुसार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांस शाळेच्या वेळेत काम करण्यास मनाई आहे. एक अपवाद पूर्वीपासून होता, पण तो शाळा सोडून देण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी. म्हणजे शिक्षणातून बाहेर पडू पाहणाऱ्यास कामाची मुभा होती, महाविद्यालयाकडे निघालेल्यास नव्हती. कामगार खात्याने २०१० साली नियमांत नवी तरतूद केली आणि महाविद्यालय-पूर्वतयारीचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कार्य-अध्ययन कार्यक्रमास मान्यता दिली. चार आठवड्यांच्या चक्रात तीन आठवडे आठवड्यातून एक दिवस व चौथ्या आठवड्यात दोन दिवस, दररोज कमाल आठ तास, हे तिचे सूत्र आहे. पिल्सनमधील अंकगणितच येथे नियमाच्या रूपाने अवतरलेले दिसते.

अभ्यासक्रम व मार्गदर्शन

महिन्यातील पाच दिवस वर्गाबाहेर गेले तर कार्नेगी युनिटांचा हिशेब कसा जुळावयाचा? शाळेचा दिवस व वर्ष लांबवून, एवढेच त्याचे उत्तर. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, भाषा आणि धर्मशिक्षण असा भरगच्च अभ्यासक्रम ठेवला जातो. प्रवेशासाठी कॅथलिक असण्याची अट नाही. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र आहे. ऐपत असलेल्या कुटुंबासाठी ही शाळा नाही, हे शाळेनेच ठरविले आहे. बहुतेक ‘प्रेप’ शाळांची निवडप्रक्रिया येथे उलटी केलेली आहे.

उन्नत स्तरावरील, म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’चे अभ्यासक्रम, प्रवेश-परीक्षांची तयारी, महाविद्यालयांच्या भेटी, अर्जातील आत्मनिवेदनाचे लेखन, आर्थिक साहाय्याचे शासकीय अर्ज हा कार्यक्रम इतर शाळांसारखाच आहे. फरक विद्यार्थ्यांत आहे. ज्याच्या घरात कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही त्याला अर्जातील शब्दांचे अर्थही समजावून द्यावे लागतात. म्हणून येथील समुपदेशक हा प्रवेश-सल्लागार कमी व दुभाष्या अधिक असतो.

धार्मिक अंगाचे स्वरूप चिंतनशिबिरे, सामूहिक प्रार्थना व समाजसेवा असे आहे. अमेरिकेतील जेझुइट माध्यमिक शाळांच्या संघटनेने १९८० साली पदवीधर होणाऱ्या विद्यार्थ्याची पाच लक्षणे निश्चित केली : विकासास उन्मुख, बौद्धिकदृष्ट्या सक्षम, धार्मिक, प्रेमळ आणि न्यायासाठी कटिबद्ध. पाचवे लक्षण संघप्रमुख पेद्रो आरूपे यांनी १९७३ साली मांडलेल्या ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ या विचारातून आले. सुखवस्तू विद्यार्थ्यास उद्देशून मांडलेला हा आदर्श, ज्याच्याविषयी न्याय व्हावयाचा आहे अशा विद्यार्थ्यास लागू करताना त्याचा अर्थ बदलतो, याची दखल घेणे आवश्यक आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप उघड आहे. एकाच शहरात, एकाच संघाच्या दोन शाळा. सेंट इग्नेशियसचा विद्यार्थी महिन्याचे सर्व दिवस वर्गात असतो. त्याहून कमी मिळकतीच्या घरातील मुलगा पाच दिवस कार्यालयात. ज्याला अभ्यासासाठी अधिक वेळ हवा त्यालाच तो कमी मिळतो. कार्यालयीन अनुभव हेही शिक्षणच आहे असे यास उत्तर दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. वकिलाच्या पेढीत चार वर्षे वावरलेल्या मुलीस त्या जगाची भाषा, तेथील माणसे आणि त्यांचे शिक्षण किती हे कळते; सुखवस्तू घरातील मूल हे घरीच शिकते. परंतु हा अनुभव इतका मोलाचा असेल तर तो सेंट इग्नेशियसमध्ये अनिवार्य का नाही, या प्रश्नास सहजासहजी उत्तर सापडत नाही. पूर्वी धर्मभगिनीचे विनावेतन श्रम शाळेची तूट भरून काढीत. आता विद्यार्थ्याचे श्रम ती भरतात. धर्मभगिनीने व्रत प्रौढपणी, स्वेच्छेने घेतलेले असे.

महाराष्ट्रातील अध्यापकास येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचे स्मरण होणे साहजिक आहे. दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही, साम्य मात्र आहे, आणि भेद अधिक बोलका आहे. साताऱ्यात १९४० साली सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यालयात व पुढे छत्रपती शिवाजी महाविद्यालयात विद्यार्थ्याचे श्रम प्रामुख्याने संस्थेच्या आवारात, शेतीत व बांधकामात खर्ची पडत. श्रम हलके नाहीत हे शिकविणे, आणि ते सर्व जातींच्या मुलांनी एकत्र करणे, हा तेथे शिक्षणाचाच भाग होता. शिकागोत श्रम बाहेरच्या बाजारात विकले जातात. त्यामुळे संस्थेच्या हाती रोख पैसा येतो, पण संस्थेचे भवितव्य त्या बाजाराशी बांधले जाते.

याचा प्रत्यय योजनेच्या विस्तारातही आला. २००१ नंतर कॅसिन प्रतिष्ठान व गेट्स प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने या पद्धतीच्या शाळा अन्य शहरांत निघाल्या. फोली यांना २००८ साली राष्ट्राध्यक्षांचे नागरी पदक मिळाले. आज या जाळ्यातील शाळांची संख्या चाळिशीच्या आसपास आहे आणि त्या निरनिराळ्या धर्मसंघांच्या आहेत. तथापि ओमाहा येथील शाळा २००७ साली उघडून २०११ साली बंद पडली. जेथे मोठ्या कार्यालयांची दाटी नाही तेथे ही योजना रुजणे कठीण, एवढे तरी तिच्या रचनेवरूनच स्पष्ट होते.

दुसरा प्रश्न शाळेनंतरचा आहे. महाविद्यालयात प्रवेश मिळणे आणि पदवी पूर्ण होणे यांत मोठे अंतर असते. निर्धन घरातील मूल बहुधा पैशाअभावी, क्वचित एकटेपणामुळे, मध्येच परतते. म्हणूनच जाळ्यातील शाळा आता आपल्या माजी विद्यार्थ्यांचा पदवीपर्यंत मागोवा घेतात. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने २०१५ साली अल्प उत्पन्न गटासाठी दोन वर्षांचे आरूपे कॉलेज काढले. विद्यार्थ्यास अर्थार्जन करता यावे अशा बेताने तेथील वेळापत्रक बसविलेले आहे. ‘प्रेप’चा चार वर्षांचा टप्पा अपुरा पडतो, ही यामागील कबुली मानावयास हरकत नाही.

तिसरा प्रश्न कामाच्या स्वरूपाचा. १९९६ साली कार्यालये कागदाने भरलेली होती व तो लावण्यास हात हवे होते. तो कागद आता संगणकात गेला आहे, नोंदी आपोआप होतात, आणि २०२० सालच्या महासाथीने कर्मचारीच घरून काम करू लागले तेव्हा त्यांच्या शेजारी बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्यास बसावयास जागाच उरली नाही. चार मुलांनी वाटून घ्यावयाची ती एक प्राथमिक जागा पुढील काळात कोणती असेल, यावर या शाळांतील शिक्षकांचे वेतन अवलंबून आहे.